पटाशीचं पाणी

छत्तीस नग, एक पेटी, आणि किंमत एका चांगल्या पान्याएवढी. हिशेब तिथेच कळायला हवा होता. पण आतली चकाकी पाहून मी भुललो आणि देवरूखच्या बाजारपेठेतून ती पेटी मिरवत घरी आणली.

विहिरीवरच्या पंपाचा गंजलेला नट सोडवताना पाना सटकला. नटाचे कोपरे गोल झाले, माझी बोटं सोलवटली. मग पडवीच्या दाराची बिजागरी काढायला गेलो, तर स्क्रू हलला नाही, स्क्रू ड्रायव्हरचं टोकच पिळलं. पेटीवर ‘क्रोम व्हॅनेडियम’ छापलेलं होतं. छापायला काय लागतं! शेवटी काम केलं ते वडिलांच्या जुन्या पकडीने. सातपूरच्या टापारियाची, मुठीचं वेष्टण केव्हाच गेलेलं. ती मिटून उजेडात धरली तर जबड्यांच्या टोकाशी फट दिसत नाही. नव्या पेटीतल्या पकडीतून समोरचा माड दिसत होता.

शहाणा झालो म्हणेपर्यंत दुसरी चूक. फणसाच्या फळीचा पाट करायचा म्हणून एक इंची पटाशी घेतली, या खेपेला चांगली, महाग. ती लाकडात नीट शिरेना. कोरी पटाशी दगडावर पाजवून घ्यावी लागते, हे मला ठाऊक नव्हतं. वाटलं, फसलो पुन्हा. तिरीमिरीत ग्राइंडरवर धरली. टोक पिवळं झालं, जांभळं झालं, मग छान निळं झालं. मला तर तो रंग आवडलाच!

फणसात दोन घाव घातले आणि धार दुमडली. सुतारांकडे नेली, तर त्यांनी ती हातात घेऊन नुसती तिरकी धरली.

“भाऊ, पाणी उतरवलंत हो तिचं.”

तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास पोलाद निळं पडतं आणि पटाशीला हवा तो कठीणपणा जातो. त्यांनी निळा भाग घासून काढला. दोन-तीन सेकंद चाक, की लगेच पाण्यात बुडव, असं अर्धा तास. मग पंचवीस अंशांचा उतार धरून दगडावर पाजवली. पटाशी अर्धा इंच आखूड झाली, पण फणसाची साल काढावी तशी पिवळी ढलपी निघू लागली.

त्याच वर्षी पावसाळ्यात ती गोणपाटात गुंडाळून ठेवली आणि गंजवली, ते वेगळंच. इथल्या आषाढात गोणपाट म्हणजे ओला फडकाच.

आता शेजारी पटाशी मागायला येतात, पकडही नेतात. छत्तीस नगांच्या पेटीतला मात्र एकही नग आजवर हरवलेला नाही. उसनासुद्धा कोणी नेत नाही.