विरजण

पांढरकवड्यात उन्हाळ्यातलं पहिलं अवकाळी वादळ आलं की लाईट जाते. २००५ नंतरची काही वर्षं भारनियमनाचं वेळापत्रक तरी असायचं, तयारी करता यायची. वादळाला कुठलं आलंय वेळापत्रक? एकदा का तारा तुटल्या की रात्र गेलीच समजा.

अशा वेळी शेजारचे विचारतात, "मासे मरत नाहीत का हो?" दोन-चार तास माशांचं फारसं काही बिघडत नाही. खरी काळजी असते ती फिल्टरमधल्या स्पंजाची. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, तो त्यांनाच विषारी. स्पंजावर चिकटून राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट. १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाने असे जिवाणू मातीतून वेगळे काढून दाखवले होते. म्हणजे आपल्या काळ्या रानात जे चालतं तेच टाकीत.

या जिवाणूंना प्राणवायू हवा. पंप थांबला की बंद डब्यातला प्राणवायू काही तासांत संपतो. त्यात आमचा उन्हाळा! २५ अंशाला लिटरभर पाण्यात साधारण ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशाला जेमतेम ७. मग डब्यात कुजणं सुरू होतं, आणि लाईट आल्यावर तेच घाण पाणी टाकीत येतं.

म्हणून तासाभरात लाईट आली नाही की मी फिल्टर उघडतो. स्पंज एका पसरट परातीत ठेवायचा, टाकीतलंच थोडं पाणी घालायचं, स्पंज बुडू द्यायचा नाही आणि वाळूही द्यायचा नाही. मधूनमधून वरून वाटीभर पाणी. माशांना खाणं बंद. टाकीतलं पाणी मगाने उंचावरून परत टाकीतच ओतत राहायचं (हात भरून येतात, पण बॅटरीचा पंप नसेल तर दुसरा उपाय नाही). लाईट आली की डब्यातलं शिळं पाणी फेकून द्यायचं, स्पंज टाकीच्याच पाण्यात हलका खंगाळायचा. नळाखाली धरायचा नाही, क्लोरीन असतं. पुढचे दोन-तीन दिवस खाणं अगदी चिमूटभर.

मामा शेतकरी माणूस. कंदिलाच्या उजेडात परात बघून म्हणाला, "हे त वाफशावानीच झालं!" अगदी बरोबर. ओल हवी, पण हवाही खेळती हवी. पाणी साचलेल्या वावरात पऱ्हाटी पिवळी पडते, तसंच हे.

आता तुम्ही म्हणाल, एका स्पंजासाठी एवढा आटापिटा कशाला? नवीन आणावा.

ही टाकी बाबांनी २००८ साली मांडली. तेव्हाचा एकही मासा आज नाही. काच बदलली, पंप तीनदा बदलला, बाबाही गेले. स्पंज झिजला की अर्धा कापून नवा तुकडा जुन्याला लावून ठेवायचा, महिन्याभराने उरलेला अर्धा बदलायचा, ही त्यांचीच पद्धत. त्यामुळे स्पंज नवा असला तरी त्यातलं विरजण बाबांनी लावलेलं आहे. आजीच्या घरचं विरजण आईने सासरी आणलं होतं, तसंच. ते माझ्या हातून तुटू नये, एवढंच.

ताई पुढच्या महिन्यात पुण्याला टाकी मांडतेय. तिला अर्धा स्पंज द्यायचाय. गाडीत डबा अर्धाच भरायचा आणि वाटेत दोन-तीनदा झाकण उघडायचं, हे तिला आत्तापासूनच बजावून ठेवलंय.