पद्मिनीची पुढची चाकं

पद्मिनीच्या पुढच्या टायरवरून तळहात फिरवला की गाडीचं दुखणं कळतं. हात आतून बाहेर सरकवताना रबराच्या कडा बोटांना अडकल्या आणि बाहेरून आत आणताना टायर गुळगुळीत लागला, तर चाकं पुढच्या बाजूला गरजेपेक्षा जास्त जवळ आली आहेत. उलट लागलं, तर ती फाकली आहेत. हे मला कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्तरींनी शिकवलं. तेव्हा मी शाळेत होतो आणि आमच्या दारात पांढरी पद्मिनी होती.

पद्मिनी म्हणायचं ते कागदावर. घरात, गल्लीत, गॅरेजमध्ये सगळे तिला फियाटच म्हणत. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून आधी फियाट ११०० डिलाइट निघत असे. मग ती प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. नावं बदलली, तरी १०८९ सीसीचं इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्याला लावलेला गिअर आणि पुढच्या चाकांची रचना तीच राहिली. मागे लांब पाटे, पुढे प्रत्येक चाकाला स्वतंत्र स्प्रिंग, वरखाली दोन विशबोन आणि त्यांच्या टोकांना धरून उभा किंगपिन. साधी, समोर दिसणारी, पान्याने उघडणारी रचना. मला ती अजूनही देखणी वाटते.

दिवाळीच्या आधी गाडी उद्यमनगरात न्यायची हा आमच्या घरचा नेम होता. आजोळ कणकवलीजवळ. गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून जायचं, नरकचतुर्दशीच्या पहाटे तिथे कारीट फोडायचं, नाना तऱ्हांचे पोहे खायचे. त्या घाटात स्टीअरिंगचा भरवसा हवा, म्हणून माझे वडील, अण्णा, चार दिवस आधीच मिस्तरींना गाठत. पावसाळ्याने रस्त्यांची चाळण झालेली असे. अण्णा डॉक्टर, त्यांची करवीरच्या खेड्यांतून रोजची ये-जा. एखाद्या खड्ड्यात चाक आदळलं की गाडी डावीकडे ओढायला लागायची.

“मिस्तरी, गाडी वढतीया बघा,” अण्णाही तिथे गेले की त्यांच्यासारखंच बोलत.

“बघूया की डॉक्टरसाहेब. आदी हवा किती हाय?”

पहिला प्रश्न कायम हवेचा. एका चाकात हवा कमी असली तरी गाडी त्या बाजूला ओढते, आणि मग सगळी मापं खोटी. हवा सारखी करून झाली की जॅक. चाक जमिनीवरून उचललं की मिस्तरी ते वरखाली दोन्ही हातांनी धरून हलवत. मग मला हाक येई, “बाळ, बरेक दाब.” मी आत बसून दोन्ही पायांनी ब्रेक दाबून धरायचो. ब्रेक दाबल्यावर चाकाचं हलणं थांबलं, तर दोष बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही ते तसंच हलत राहिलं, तर किंगपिन झिजला. नंतर चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवायचं. तिथे खेळ दिसला तर टाय रॉडचे सांधे. कुठलंही यंत्र नाही, दोन हात आणि एका पोराचा पाय. इतकं स्वच्छ निदान मी पुढे मोठमोठ्या वर्कशॉपमध्येही क्वचित पाहिलं.

“ढिल्या गाडीचं माप घिऊन काय करायचं? आज येक यील, उद्या येक यील,” ते म्हणत. आधी ढिलेपणा काढायचा, मग मोजायचं, हा त्यांचा क्रम. तो त्यांनी गिऱ्हाइकाच्या घाईपायी कधी मोडला नाही.

किंगपिन झिजलेला निघाला तर काम दोन दिवसांवर जाई आणि माझी चैन होई. कारण मग बुश घेऊन शेजारच्या लेथवर जायचं. उद्यमनगर म्हणजे फाउंड्र्या, लेथ, तेलाची इंजिनं आणि पंप. वाळूच्या साच्याचा आणि कटिंग ऑइलचा वास तिथल्या हवेतच होता. नवी बुश बसवली की तिच्यात किंगपिन घट्ट जातो, तेव्हा रीमर मारून भोक साफ करायचं. रीमर एकाच दिशेने, सावकाश फिरवायचा, मागे फिरवायचा नाही. मधेमधे पिन घालून बघायची. अंगठ्याने दाबल्यावर ती सरकत आत गेली, पण जरासुद्धा डुगडुगली नाही, की झालं. मग निपलला ग्रीसगन लावून जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरायचं.

त्यानंतर खरी मोजणी. टायरच्या मध्यावर खडूचा पट्टा ओढायचा, चाक हाताने फिरवत ठेवायचं आणि टेकवून धरलेल्या खिळ्याने त्या पट्ट्यावर एक बारीक रेघ उमटू द्यायची. दोन्ही चाकांवर अशा रेघा आल्या की गाडी खाली उतरवून पुढे ढकलायची, बॉनेट दाबून स्प्रिंगांना आपल्या जागी बसू द्यायचं. मिस्तरींनी पाइपाला दोन उभे काटे जोडून मापाची एक दांडी केली होती, त्यातला एक काटा सरकता. इंजिनाखालून ती दांडी घालून चाकाच्या मध्याच्या उंचीवर, मागच्या बाजूला, रेघेपासून रेघेपर्यंतचं अंतर घ्यायचं. मग गाडी चाकाच्या अर्ध्या फेऱ्याएवढी पुढे ढकलायची, म्हणजे रेघेची मागे मोजलेली जागाच आता पुढे येते. तिथे पुन्हा माप. एकच जागा पुढे-मागे मोजल्यामुळे रिम जरा वाकडी असली तरी तिचा दोष मापात शिरत नाही. ही युक्ती पहिल्यांदा समजली तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो. भूमितीच्या तासाला तसा कधी झाला नव्हता.

पुढचं अंतर मागच्यापेक्षा २-३ मिलिमीटर कमी हवं. उभ्या गाडीत चाकं अशी किंचित आत वळलेली ठेवायची, कारण पद्मिनीला जोर मागच्या चाकांचा. धावताना रस्ता पुढच्या चाकांना मागे रेटतो, सांध्यांतली बारीकशी फट उघडते आणि चाकं तेवढीच बाहेर जाऊन समांतर होतात. टाय रॉडच्या नळीला एका टोकाला सुलटा आटा आणि दुसऱ्या टोकाला उलटा. क्लॅम्प सैल करून नळी फिरवली की रॉड लांबतो किंवा आखडतो. दोन्ही बाजूंच्या नळ्या सारख्याच फिरवायच्या, नाहीतर गाडी सरळ धावते आणि स्टीअरिंग वाकडं राहतं. मिस्तरींना ते मुळीच खपत नसे.

चाकाचा उभा कल आणि किंगपिनचा मागे झुकलेला कल ते आधीच बघून घेत. त्याच्यासाठी विशबोनच्या दांडीपाशी पत्र्याच्या चकत्या कमी-जास्त करायच्या. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो म्हणून हात सोडले तरी ती सरळ जाते, तसंच हे, एवढंच त्यांनी मला सांगितलं आणि मला ते पुरलं. हे माप घेताना ते आम्हा सगळ्यांना गाडीत बसवत. आई पुढे, मी आणि ताई मागे. माणसं बसली की स्प्रिंग दबतात आणि चाकांचा कल बदलतो. गाडी रिकामी धावणार नव्हती, फराळाचे डबे आणि चार माणसं घेऊन घाट उतरणार होती.

शेवटी उजळाईवाडीकडच्या सरळ रस्त्यावर फेरी. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो, तेव्हा कडेने चाललेली चांगली गाडीही जरा डावीकडे जाते. म्हणून समोरून कुणी येत नाही असं बघून मिस्तरी अण्णांना गाडी मध्यावर घ्यायला सांगत आणि म्हणत, “आता मुठी सैल सोडा.” गाडी नाकासमोर जायची. अण्णा काही बोलत नसत, पण त्यांचा चेहरा उजळायचा.

त्या कामाची खरी गंमत करूळला यायची. घाटातलं वळण घेऊन झालं की अण्णा पकड हलकी करत आणि ते मोठं पातळ चक्र त्यांच्या तळव्यांतून सरसर सरकत आपोआप सरळ होई. पुढचं वळण येईस्तोवर गाडी सरळ उभी. खाली वैभववाडीपर्यंत मी रस्त्याकडे पाहायचं सोडून त्यांचे हातच बघत असे.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या काळ्यापिवळ्या गाड्या रस्त्यावरून गेल्या. ती बातमी वाचून मला फार वाईट वाटलं. रोज बंदराच्या आणि बाजाराच्या रस्त्यांवर त्या गाड्या चालत्या ठेवणाऱ्या कितीतरी हातांना हे सगळं ठाऊक होतं.

आमची गाडी आता माझ्याकडे, पुण्यात आहे. अलाइनमेंट संगणकावर होते. चारी चाकांना यंत्राची डोकी लावली की कोन पडद्यावर उमटतात. ते यंत्र उत्तम आहे आणि मी ते आनंदाने वापरतो. त्याच्या यादीत पद्मिनी बहुधा सापडत नाही, तेव्हा आकडे हाताने भरावे लागतात. तिथली तरुण मुलं हुशार आहेत, पण ती थेट टाय रॉडला हात घालतात. मी त्यांना थांबवतो, चाक जॅकवर घ्यायला लावतो, एकाला ब्रेकवर बसवतो. ती कुतूहलाने बघतात, आणि एकदा कळलं की दुसऱ्या गाड्यांवरही तसंच करतात. किंगपिनचे संच नाना पेठेत शोधल्यावर अजून मिळतात. रीमर मारणारा हात मात्र शोधावा लागतो, त्यासाठी मी बुश कोल्हापूरलाच नेतो.

तुमच्याही पत्राशेडमध्ये अशी एखादी फियाट उभी असेल आणि दिवाळीत तिला गावाला न्यायचं मनात असेल, तर आठवडाभर आधी तिच्या किंगपिनला ग्रीस द्या आणि चाक उचलून एकदा हलवून बघा. अलाइनमेंटची वेळ त्यानंतर घ्या.