सुकलेली होडी

(तृतीय वर्ष, कला)

आमच्या मागल्या दारी, माडाच्या बुंध्याला टेकून एक होडी पडून होती. माझ्या आठवणीत ती कधी पाण्यात गेली नव्हती. आई तिच्यात सुकी चुडते आणि करवंट्या साठवी, कोंबडी तिच्या नाळेपाशी अंडी घाली. फळ्यांमधल्या फटी इतक्या रुंदावल्या होत्या की, दुपारचे ऊन त्यांतून पलीकडे जाई. आजोबा मात्र रोज संध्याकाळी तिच्याशेजारी बसत. तरुणपणी ते तांडेल होते. शिडाच्या गलबतातून मंगळुरी कौले भरून त्यांनी मुंबईच्या कितीतरी खेपा केल्या होत्या. गलबत मालकाचे होते. ही होडी तेवढी आजोबांची स्वतःची.

खरे सांगायचे तर मला त्या होडीची लाज वाटे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी एकदा एस.टी.त एक मैत्रीण नाक मुरडून म्हणाली, "कुणीतरी मासे आणलेत वाटतं." मी काही आणले नव्हते, पण तिचे बोलणे आपल्यालाच लागू आहे असे मला वाटले. तेव्हापासून मी कॉलेजातून घरी जाताना बाजाराचा रस्ता सोडला. बाजारात माझी आई मासे विकायला बसते. मैत्रिणींसमोर तिने हाक मारली तर काय करायचे, ही भीती. हे मी आजवर कुणाला सांगितले नाही. आज लिहिते आहे, कारण ते लिहिल्याशिवाय पुढचे काही सांगता येणार नाही.

आमच्या किनाऱ्यावर काही वर्षांपूर्वी एक लहानशी संस्था सुरू झाली. संस्था म्हणजे काय, तर जाळी ठेवायचा एक जुना मांगर, एक फळा, दोन बाकडी आणि भंगारातून आणलेले एक डिझेल इंजिन. नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आणि एक इंजिन फिटर अशी तिघांची मंडळी. १ जून ते ३१ जुलै यंत्रनौकांना मासेमारीची बंदी असते. तेव्हा सगळा गाव किनाऱ्यावर असतो, म्हणून यांची शाळा खरी भरते ती पावसाळ्यात. सकाळी मुलांना इंजिन, दुपारी बायकांना लिहिणे-वाचणे आणि हिशेब, संध्याकाळी म्हाताऱ्यांच्या आठवणी लिहून घेणे. या तिसऱ्या कामासाठी त्यांना बरे अक्षर असलेले कुणीतरी हवे होते. मी गेले ती थोड्याशा मानधनासाठी. वारसा वगैरे शब्द तेव्हा माझ्या मनातही नव्हते.

पहिल्याच संध्याकाळी बाईंनी माझ्याच आजोबांना बोलावले होते. आजोबा फळ्यासमोर अवघडून बसले. बाईंनी विचारले, "भरती किती वाजता येणार हे तुम्ही घड्याळ नसताना कसे ओळखत होता?" आजोबांनी मलाच उलट विचारले, "आज तिथ खंयची गो?" मी कॅलेंडर पाहून म्हटले, "एकादशी." क्षणभर ओठ हलवून ते म्हणाले, "सव्वाआठांक."

बाई हसल्या. त्यांना गोम कळली होती. अकराची पाऊणपट सव्वाआठ. तिथीची पाऊणपट करायची की पूर्ण भरतीची वेळ निघते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. आजोबा शाळेत दुसरीपर्यंत गेले. पण पाऊणकीचा पाढा त्यांना आजही तोंडपाठ आहे. मग बाईंनी फळ्यावर मांडून दाखवले. चंद्रामुळे भरती रोज साधारण ४८ मिनिटे पुढे सरकते. तीस तिथींत मिळून चोवीस तास होतात. पाऊणकी धरते ४५ मिनिटे. म्हणजे रोज तीन मिनिटांची चूक, आणि पौर्णिमेला ती पाऊण तासावर जाते. हे ऐकून आजोबा शांतपणे म्हणाले, "म्हणानच पुनवेक आमी जरा थांबा म्हणायचो."

मी लिहिता लिहिता थांबले. ज्या माणसाला मी अडाणी समजत होते, त्याला आपल्या सूत्रातली चूक ठाऊक होती आणि त्या चुकीचा उपायही ठाऊक होता.

त्यानंतर माझ्या दोन वह्या भरल्या. उधाण आणि भांग, खारा वारा आणि मतलई वारा, वल्हे, सुकाणू, परबाण, उलांडी. खोली मोजायची ती वावांनी. दोन्ही हात पसरले की एक वाव. दोरीला शिशाचे वजन बांधून त्याच्या तळाला चरबी लावायची. वर ओढले की तिला वाळू चिकटली आहे की चिखल हे बघायचे, आणि त्यावरून अंधारात आपण कुठे आहोत हे सांगायचे. रापणीविषयीही ते पुष्कळ बोलले. किनाऱ्यावरून पन्नास-साठ माणसे जाळ्याचे दोर ओढतात, आणि जो ओढतो त्याला वाटा. पोरगे कमरेएवढे झाले की दोराला हात लावायचे. तीच त्याची पहिली इयत्ता. कुणी शिकवत नसे, पण सगळे शिकत. आता ट्रॉलर आले, रापणी कमी झाल्या आणि ती शाळाही बंद पडत आली. या मांगरातला फळा म्हणजे त्या मोडलेल्या शाळेचे ठिगळ आहे, असे मला वाटू लागले.

आमच्या खिडकीतून सिंधुदुर्ग दिसतो. १६६४ ते १६६७ या काळात तो बांधला गेला, हे आम्ही चौथीपासून घोकत आलो. पण त्या बेटावर दगड, चुना आणि माणसे ज्या होड्यांनी नेली, त्या होड्यांविषयी कुठल्याच पुस्तकात मी एक ओळ वाचली नव्हती. किल्ला दगडाचा, म्हणून राहिला. होड्या लाकडाच्या, म्हणून गेल्या. आणि होडी बांधणारे, हाकणारे हात तर लाकडाहूनही लवकर जातात.

मांगराच्या भिंतीवर नौदलातल्या काकांनी 'म्हादेई' या शिडाच्या नौकेचे चित्र लावले होते. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांच्याविषयी ते फार आदराने बोलत. आवटींनी १९७८ मध्ये मुंबईत सागरी इतिहासाच्या अभ्यासासाठी मेरिटाइम हिस्टरी सोसायटी स्थापन केली. पुढे निवृत्तीनंतरही त्यांनी एक ध्यास सोडला नाही: भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून भारतीय माणसाने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात लाकडाच्या पट्ट्या आणि फायबर वापरून म्हादेई बांधली गेली, आणि २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी ती प्रदक्षिणा पुरी केली. काका म्हणत, "इतिहासाची सोसायटी काढणारा माणूस नुसता इतिहास लिहीत बसला नाही, त्याने नौका पाण्यात घातली. हे लक्षात ठेवा."

हे वाक्य पुढे आमच्याच अंगणात येऊन उभे राहील असे तेव्हा वाटले नव्हते.

माझा धाकटा भाऊ बारावीला इंग्रजीत नापास होऊन घरी बसला होता. तो सकाळच्या इंजिनाच्या वर्गाला चोरून जाऊ लागला. समुद्राचे पाणी आत घेऊन इंजिन थंड राखतात, त्या नळीत कचरा अडकला की इंजिन तापते. डिझेलच्या नळीत हवा शिरली की ते बंद पडते. असले काहीबाही तो रात्री मला सांगे. पुस्तक पाहिले की ज्याचे डोळे मिटत, तो मुलगा इंजिनाची आकृती काढत बसू लागला. सरकारच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे सहा महिन्यांचे प्रशिक्षण असते. त्यात नौकानयन आणि सागरी डिझेल इंजिन शिकवतात. त्याला जायचे होते तिथे. संस्था त्याची तयारी करून घेणार होती, पण पालकाची संमती हवी होती. बाबा परक्याच्या ट्रॉलरवर खलाशी, त्या दिवसांत ते जाळी विणायच्या कामावर दूरच्या बंदराला गेलेले. सही आईने करायची.

आईने कागद हातातही घेतला नाही. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आले तेव्हा माझा मामा समुद्रात होता. तो परत आला नाही. मी चार वर्षांची होते. मला एवढेच आठवते की, आजी कितीतरी दिवस दोन ताटे जास्त वाढत असे. एक मामाचे आणि एक त्याच्याबरोबर येईल त्याचे. आई म्हणाली, "दोघांतला एक तरी कोरडा ऱ्हवांदे." त्यावर बोलायची कुणाची छाती झाली नाही.

जुलैत एका दुपारी काकांनी बायकांच्या वर्गात वायरलेस संच आणि लाइफ जॅकेट आणले. घरातल्या पुरुषांना हे घालायला बायकांनीच भाग पाडले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. आई शेवटच्या ओळीत होती. जॅकेट हातोहात फिरत तिच्याकडे आले. तिने ते मांडीवर घेतले आणि विचारले, "ह्यां तेव्हा असता तर माझो भाव वाचलो असतो?"

मांगरात पावसाचा आवाज तेवढा राहिला. काका लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही, ताई. पण शोधायला कुठे जायचे, ते आम्हांला कळले असते."

खोटा धीर दिला असता तर आई उठून गेली असती असे मला वाटते. त्या रात्री तिने तो कागद मागितला. महिनाभर वर्गात गिरवलेली सही तिने पहिल्यांदाच खऱ्या कागदावर केली. अक्षरे वाकडी आली. तिने भावाला एवढेच बजावले, "त्यां जाकिट घातल्याबिगर पाय घालूचो नाय."

आता होडीविषयी. मांगरात जुन्या वस्तू मांडायचे ठरले. होके, वल्ही, जाळ्यांची बुडीदे, शिडाचा तुकडा. बाईंना आमची होडी मधोमध ठेवायची होती. मी उत्साहाने चिठ्ठीही लिहिली: होडीचा प्रकार, लाकूड, बांधणारा, मालक. आजोबांना वाचून दाखवली तर ते एकदम संतापले. "सुकी होडी म्हणजे मढां. उद्या माकाव असोच कपाटात ठेवतलास?"

मला राग आला. मी म्हटले, "नाही तर ती जळणातच जाणार ना?" आजोबा काही बोलले नाहीत. मला होडीपाशी घेऊन गेले आणि एका फटीत बोट घालून दाखवले. लाकूड सुकले की आकसते. भिजले की फुगते, फळी फळीला धरते, फट मिटते. पाण्यात असलेल्या होडीला पाणीच सांधते. आपण तिला जपण्यासाठी कोरडी ठेवतो आणि तिथेच ती मरते.

काकांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हातारा बरोबर बोलतोय." आणि बेत बदलला. होडी दुरुस्त करून मुलांना वल्हवायला शिकवायचे. शेजारच्या वाडीतले होड्या बांधणारे एक वृद्ध सुतार आले. बुडाच्या दोन फळ्या कुजल्या होत्या, त्या बदलल्या. फटींत कापूस कसा ठोकायचा, फार ठोकला तर फळी कशी उचलते, हे ते अकरा मुलांना दाखवत राहिले. वरून राळ आणि तेल. माझा भाऊ त्या अकरांत होता. हातोडी मारताना त्याने अंगठा सुजवून घेतला, पण एक दिवस चुकवला नाही.

नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण झाल्यावर होडी खाडीच्या उथळ पाण्यात सोडली. आणि चहूकडून पाणी आत येऊ लागले! पोरे ओरडली, कुणी डबे घेऊन उपसू लागले. एवढी मेहनत फुकट गेली म्हणून मला रडू फुटायची वेळ आली. आजोबा मात्र काठावर बसून हसत होते. "पियांदे तिका," ते म्हणाले. "सोळा वर्सांची तहान आसा."

सोळा वर्षे. मी मनात हिशेब केला. मामा गेल्यापासून आजोबांनी होडी काढलीच नव्हती. आजवर आम्हांला वाटे, ती जुनी झाली म्हणून पडून आहे.

दोन रात्री मुलांनी आळीपाळीने पाणी उपसले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा होडीच्या तळात ओंजळभरच पाणी होते. फटी मिटल्या होत्या. आजोबांनी हात लावून पाहिले आणि पाणी झटकून धोतराला पुसले.

संस्थेने फार मोठे काही केले असे मी म्हणणार नाही. मांगर अजून गळतो. अकरांपैकी तीन मुले मध्येच मुंबईला गेली. समुद्रातले मासे काही फळ्यामुळे वाढलेले नाहीत. पण माझा भाऊ प्रशिक्षणाला गेला आहे आणि दर आठवड्याला आईला आपण जॅकेट घातल्याचे सांगतो. आई बँकेत अंगठा देत नाही. आजोबा सोमवारी आणि गुरुवारी फळ्यासमोर बसतात आणि पाऊणकी शिकवतात.

आणि मी कॉलेजातून घरी बाजाराच्या रस्त्याने जाते. पहिल्या दिवशी आईने मला पाहिले, पण हाक मारली नाही. तिला सगळे ठाऊक असावे. मीच तिच्या शेजारी जाऊन बसले. तिने काही न बोलता टोपली थोडी सरकवून मला जागा करून दिली.