आप्पांची वही आणि कोलोरॅडोचा घाट

गेल्या उन्हाळ्यात आई-आप्पा तीन महिने आमच्याकडे डेन्व्हरला आले होते. जुलैतल्या एका शनिवारी सकाळी आम्ही सगळे ट्रेलर घेऊन डिलन तलावाकडे निघालो. ट्रेलर म्हणजे चाकांवरचं छोटं घर: दोन पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर. पिकअपच्या मागे हुकला अडकवायचं आणि ओढत न्यायचं. सामान भरल्यावर आमच्या ट्रेलरचं वजन होतं ६००० पौंड, म्हणजे सुमारे २७०० किलो. पिकअपच्या माहितीपत्रकात ओढायची क्षमता ९००० पौंडांच्या वर लिहिलेली. कागदावर सगळं बसत होतं, त्यामुळे मी निर्धास्त होतो.

आप्पा माझ्या शेजारी बसले होते. बेळगावहून भाजी भरायची, अनमोड घाट उतरून गोव्यात पोचवायची आणि येताना नारळ घेऊन तोच घाट चढायचा, असं त्यांनी वीसेक वर्षं केलं. त्यांची मेटाडोर विकली तेव्हा मी दहावीत होतो. गाडी माझ्या हातात असली, तरी त्यांचे कान इंजिनाकडे असतात.

डेन्व्हर ५२८० फुटांवर आहे. तिथून आय-७० हा महामार्ग पश्चिमेला चढत चढत आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत जातो, ११,१५८ फुटांवर. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. जॉर्जटाउन गावानंतर खरा चढ सुरू होतो. तिथेच आप्पा म्हणाले, "गिअर सारखा बदलालाय की रे. एका गिअरात ठेव की तिला."

मी म्हटलं, "आप्पा, ही ऑटोमॅटिक आहे. हिचं हिला कळतं."

दहा मिनिटांनी शनिवारची गर्दी लागली. दोन गाड्यांइतकं पुढे सरकायचं, थांबायचं, परत सरकायचं. आप्पा पुन्हा म्हणाले, "बाजूला घे जरा. दम खाऊ दे तिला." माझा पारा चढला. मागे मुलगी रडत होती, कॅम्पवर पोचायला उशीर होत होता. मी म्हणालो, "आप्पा, ही तुमची मेटाडोर नाही."

ते काही बोलले नाहीत. खिडकीबाहेर बघत राहिले.

सिल्व्हर प्लूम ओलांडल्यावर समोरच्या पडद्यावर इशारा उमटला: ट्रान्समिशन तापलंय. मेनूत शोधून आकडा काढला. २४५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ११८ सेल्सिअस. हा आकडा माझ्या गाडीत पहिल्या दिवसापासून होता. ऑफिसमध्ये सर्व्हर थोडा तापला तरी मला रात्री दोन वाजता फोन येतो. आणि घरच्या पाच माणसांना घेऊन जाणाऱ्या गाडीत ते पान मी एकदाही उघडलं नव्हतं.

नेमकं काय होत होतं, ते मला नंतर वाचून कळलं. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन पंखे समोरासमोर ठेवले आणि एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. तसंच, फक्त हवेच्या जागी तेल. पहिला पंखा जोरात आणि दुसरा हळू फिरत असेल, तर मधल्या फरकातली शक्ती तेलातच उष्णता होऊन राहते. सपाट रस्त्यावर वेग आला की आतला क्लच दोन्ही पंखे एकमेकांना जखडून टाकतो. त्याला लॉकअप म्हणतात. मग घसरण नाही, तापणंही फारसं नाही. पण चढावर, ओझं मागे असताना, चालत्या माणसाच्या वेगाने सरकत राहिलं तर लॉकअप होतच नाही. तेल घुसळत राहतं, आणि गाडी जवळजवळ उभी असल्याने कूलरला वाराही कमी मिळतो. शिवाय माझी गाडी वरच्या गिअरात जायची, ओझं झेपेना की खाली यायची. दर बदलाला लॉकअप सुटायचं. आप्पांनी कानांनी ऐकलं होतं ते हेच.

त्यात उंचीची भर. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्क्यांनी घटते. दहा हजार फुटांवर माझं इंजिन तीस टक्के दुबळं झालं होतं. आणि माहितीपत्रकातले ते ९००० पौंड? ते आकडे ज्या प्रमाणित पद्धतीने ठरतात, तिच्यातली चढाची परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर बेतलेली आहे. कडक ऊन, एसी पूर्ण चालू, आणि तरीही वेग ताशी ४० मैलांच्या खाली येऊ द्यायचा नाही. परीक्षा अवघडच आहे. पण तो चढ साडेतीन हजार फुटांच्या आसपास संपतो, आणि त्या परीक्षेत शनिवारची रांग नसते.

पुढच्या एक्झिटला, बेकरव्हिलला, मी बाहेर पडलो. सपाट जागा बघून गाडी उभी केली आणि सवयीने बंद करायला हात नेला. आप्पांनी माझा हात धरला. "बंद करू नको. तापलेली गाडी एकदम बंद करायची नसते." इतका वेळ गप्प बसल्यानंतरचं त्यांचं पहिलं वाक्य. ते बरोबर होतं. इंजिन चालू असेल तरच ट्रान्समिशनचा पंप फिरतो आणि तेल कूलरमधून जात राहतं. बंद केलं की सगळी उष्णता आत कोंडते. गाडी पार्कमध्ये टाकली, एसी बंद केला, इंजिन चालू ठेवलं. (काही जुन्या गाड्यांत पार्कमध्ये तेल कूलरपर्यंत जात नाही, त्यांना न्यूट्रल लागतो, आपल्या गाडीचं मॅन्युअल बघावं.) आईने चिवड्याचा डबा उघडला. आप्पा आकड्याकडे बघत बसले. २४५ वरून २०० वर यायला वीस-बावीस मिनिटं लागली.

मग मी टो-हॉलचं बटण दाबलं. ते फक्त उतारासाठी असतं, असा माझा समज होता. खरं तर त्याने गाडी खालचा गिअर जास्त वेळ धरून ठेवते, लॉकअप लवकर करते आणि उतारावर इंजिनाचा ब्रेक म्हणून उपयोग करून देते. वरचे गिअर हाताने बंद करून टाकले. इंजिनाचा आवाज वाढतो, ते मला आधी खटकायचं. पण खालच्या गिअरात कन्व्हर्टरवरचा ताण कमी होतो. आप्पांना हे समजावून सांगावं लागलं नाही. "ज्या गिअरात घाट चढायचा, त्याच गिअरात उतरायचा," एवढंच ते म्हणाले. बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्नपर्यंतचा उतार तीव्र आहे. तिथे ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी वाळू-खडीच्या चढत्या वाटा करून ठेवल्या आहेत. त्या बघून आप्पांनी मान हलवली.

त्या रात्री तलावाकाठी मी त्यांना म्हटलं, "आप्पा, मघाशी मी जरा तोडून बोललो." ते म्हणाले, "घाटात ड्रायव्हरशी बोलू नये. मीच चुकलो." मला ते माफ केल्यासारखं वाटलं नाही. पण सकाळी त्यांनी आईच्या पर्समधली छोटी वही मागून घेतली. हिशेबाची.

परतताना आम्ही रविवारची गर्दी टाळून सोमवारी पहाटे निघालो. वही मांडीवर घेऊन आप्पा नोंदी करत होते: ठिकाण, वेळ, गिअर, आकडा. सिल्व्हरथॉर्न १८८. चढाच्या मध्यावर २०३. बोगद्याच्या तोंडाशी २१२. तोच ट्रेलर, तेवढंच ओझं. ताशी ४५ मैल एका लयीत आणि गिअर एकच. २१२ म्हणजे बरोबर १०० सेल्सिअस, चढावर चालण्यासारखं. बोगदा ओलांडून उताराला लागल्यावर आकडा आपोआप खाली आला.

पुढच्या आठवड्यात तेल बदलून घेतलं. ट्रान्समिशनचं नवं तेल लालसर असतं; माझं तपकिरी झालं होतं, करपल्यासारखा वासही होता. मेकॅनिकांचा एक जुना अंदाज आहे: १७५ फॅरनहाइटच्या वर दर २० अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. नवी तेलं यापेक्षा चिवट आहेत, पण दिशा तीच. तेल आणि मोठा कूलर मिळून काही शे डॉलर लागले. गिअरबॉक्स गेला असता तर काही हजार लागले असते, आणि घाटात अडकलो असतो ते वेगळंच.

तुमच्यापैकी कुणी इकडे आलात आणि हौसेने पिकअप-ट्रेलर भाड्याने घेतलात, तर निघण्याआधी तो आकडा पडद्यावर आणून ठेवा. सव्वादोनशेच्या पुढे सरकू लागला की वेग कमी करा, गिअर खाली घ्या. रांगेत सरकावंच लागलं तर लवकर बाहेर पडा, इशाऱ्याची वाट बघू नका. कॅम्पच्या चढावर ट्रेलर मागे घेतानाही आकडा भराभर चढतो, हे लक्षात असू द्या. आणि शेजारी जुना ड्रायव्हर बसला असेल, तर त्याचं ऐका.

आप्पा आता बेळगावला आहेत. आम्ही ट्रेलर घेऊन निघालो की मी पोचल्याचा फोन करतो. "पोचलास?" असं ते विचारत नाहीत. विचारतात, "किती होता आकडा?" मी सांगतो. मग पलीकडे पान उलटल्याचा आवाज येतो.