रंगाआधीचं काम

रेझिनची बॉडी खोक्यातून बाहेर काढली की प्रथमदर्शनी ती मोटार वाटतच नाही. फिकट पिवळट रंग, खिडक्यांत ताणलेले पातळ पापुद्रे, पोटाला ओतकामाचे खुंट. मग बोट फिरवावं. बॉनेटचा तो उतार आणि मागच्या बाजूला किंचित वर उचललेल्या कडा बोटाला बरोबर ओळखू येतात. ही पद्मिनी आहे. 1:24 मापाची, लांबी जेमतेम सोळा सेंटीमीटर. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, काळी-पिवळी होऊन मुंबईभर धावलेली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून टॅक्सी म्हणून रस्त्यावरून नाहीशी झालेली.

प्लॅस्टिकच्या किटला पोलादी साचा लागतो आणि त्याचा खर्च हजारो नग खपले तरच निघतो. रेझिनला सिलिकॉन रबराचा साचा पुरतो. कुणीतरी मूळ प्रत हाताने घडवतो, तिच्यावर रबर ओततो, मग दोन द्रव मिसळून साच्यात सोडतो. काही मिनिटांत ते घट्ट होतात. काही डझन नग निघाले की साचा फाटू लागतो. म्हणून ज्या गाडीवर मोजक्याच लोकांचा जीव असतो, ती रेझिनमध्ये मिळते. मात्र घडवणाऱ्याने ती अर्ध्यावर आणून आपल्या हाती सोपवलेली असते.

पुढचं अर्धं काम धुण्यापासून सुरू होतं. नग साच्यातून सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर अंगावर राहतो. तो राहिला तर रंग धरत नाही, पुढे पोपडा होऊन निघतो. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश, दरवाजाच्या रेषांमधूनसुद्धा. छताचे बारीक खांब वाकलेले असले तर गरम पाण्यात धरायचे, मऊ झाले की हलकेच सरळ करायचे आणि तसेच धरून गार पाण्यात बुडवायचे. घासायचं ते वॉटर पेपरने, ओलं ठेवूनच. रेझिनची धूळ फार बारीक असते, ती छातीत जाता कामा नये. कोरडं घासायची वेळ आलीच तर मास्क हवाच.

मग बुडबुडे. ओतताना अडकलेली हवा पृष्ठभागाखाली लपलेली असते आणि पेपर फिरला की सुईच्या टोकाएवढी भोकं उघडी पडतात. भोकात फेविक्विकचा थेंब सोडायचा आणि तो सुकताच घासायचा. रात्रभर राहिला तर तो आजूबाजूच्या रेझिनपेक्षा कडक होतो आणि तिथे उंचवटा उरतो. प्लॅस्टिकच्या किटचं सिमेंट इथे चालत नाही. ते प्लॅस्टिक विरघळवून जोडतं, रेझिन त्याला दाद देत नाही.

एवढं झाल्यावर राखाडी प्रायमरचा पातळ हात. अंगणात सडा-सारवण नीट नसेल तर रांगोळीची रेघ फुटते, तसं प्रायमरवर सगळं उघड होतं. डोळ्यांना गुळगुळीत वाटलेल्या फेंडरवर ओरखडा दिसतो, दिव्याच्या खोबणीत एखादं भोक. भरायचं, घासायचं, पुन्हा प्रायमर.

पद्मिनी टॅक्सीचे रंग दोनच, पण दोन्ही कडक परीक्षा घेणारे. छताचा पिवळा रंग खालचं झाकत नाही. राखाडीवर मारला तर मळकट दिसतो, म्हणून त्याच्याखाली पांढरा हात हवा. पिवळा वाळला की छतावर टेप लावायची आणि टेपच्या कडेवर आधी पुन्हा पिवळ्याचाच हलका फवारा द्यायचा. कडेखाली झिरपायचं ते पिवळंच झिरपतं, फट बुजते. त्यावर काळा, एकेक पातळ हात देत. टेप काढल्यावर सीमारेषा स्वच्छ निघते. काळ्या चकाकीत खालची प्रत्येक लाट दिसते, तशी नीट घासलेली दाराची सपाटीही दिसते.

कारखान्यात पत्र्यावर रंग चढण्याआधी असंच कुणीतरी हात फिरवून सपाटी तपासत असेल. त्या कामगाराचं नाव कुठे लिहिलेलं नसतं, पण त्याच्या कामावर रंग वर्षानुवर्षं तगून राहतो. मॉडेल करणाऱ्याने त्या हाताचा मान राखावा. रंगाची घाई करू नये, कारण लोक ज्या चकाकीचं कौतुक करतात, ती बाटलीतून येत नाही. पाण्याखाली चाललेल्या घासण्यातून येते. रस्त्यावरून गेलेली गाडी कपाटात ठेवायची, तर तिच्या अंगावर एकही भोक बुजवायचं राहता कामा नये.