बसेल, पण चालेल का?

"सॉकेट तेच आहे ना, मग बसेल की." घरच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोसेसर टाकायचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी बोलतंच. आमच्या हाउसमध्येही रोज कुणीतरी बोलतो. बसेल हे खरं. चालेल का, हा प्रश्न वेगळा, आणि 2024च्या मे महिन्यात आमच्या घरी तो दहा हजार रुपयांचा प्रश्न होता.

साताऱ्याला आमच्याकडे 2017 साली घेतलेला असेंबल्ड डेस्कटॉप आहे. आय-थ्री 7100 प्रोसेसर, एच110 चिपसेटचा मदरबोर्ड, 4 जीबी रॅम, 1 टीबी हार्ड डिस्क. ताई सिव्हिल डिप्लोमाला आहे. ऑटोकॅडवर क्लिक करून ती चहा टाकायला जायची आणि चहा गाळून आली तरी पडद्यावरचं चाक फिरतच असायचं. सबमिशन जवळ आलं की मैत्रिणीकडे लॅपटॉप मागावा लागे, आणि मागणं तिच्या स्वभावात नाही. बाबा फौजेतून निवृत्त होऊन आता एका कारखान्यात सिक्युरिटीला आहेत. त्यांनी दहा हजार बाजूला काढले आणि मला म्हणाले, "तूच बघ काय घ्यायचं ते. पण खर्च एकदाच होणार."

ओळखीच्या एका दुकानदार काकांनी आठव्या पिढीचा, वापरलेला आय-फाइव्ह आमच्यासाठी काढून ठेवला होता. सहा कोअर, आणि सॉकेट एलजीए 1151. आमच्या बोर्डावरही 1151च. बाबांचा काकांवर विश्वास, त्यामुळे सौदा जवळजवळ ठरलेलाच होता.

मी फक्त एक रात्र मागून घेतली. सीपीयू-झेड नावाचा एक फुकट प्रोग्रॅम आहे. कॅबिनेट न उघडता तो मदरबोर्डाचं नेमकं मॉडेल सांगतो. ते मॉडेल घेऊन बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर गेलं की कोणते प्रोसेसर चालतात याची पूर्ण यादी मिळते. आमच्या यादीत सहावी आणि सातवी पिढी होती. आठवी नव्हती. इंटेलने आठव्या पिढीला सॉकेट तेच ठेवलं, पण वीजपुरवठ्यासाठी काही पिनांचं काम बदललं आणि 300 मालिकेचा चिपसेट लागेल असं केलं. काही हौशी लोक बायोसमध्ये फेरफार करून ही जोडी चालवतात म्हणे. पण घरातल्या एकुलत्या कॉम्प्युटरवर तो प्रयोग कोण करणार?

सकाळी बाबांना हे समजावायला मी कागदावर पिना काढू लागलो. त्यांनी अर्ध्यातच थांबवलं. "एसएलआरची गोळी 7.62, एकेचीही 7.62. पण एकीचं काडतूस 51 मिलिमीटर, दुसरीचं 39. नुसता 7.62 आकडा बघून राउंड उचलला तर रायफल चालेल का? असंच ना?" अगदी असंच. इतकं सोपं उदाहरण मला सुचलं नसतं. काकांना फोनही त्यांनीच केला.

मग यादीतला सातव्या पिढीचा आय-फाइव्ह 7500 का नको, हा ताईचा प्रश्न रास्त होता. त्याला चार कोअर आहेत, आमच्याला दोन. पण ऑटोकॅडमधलं साधं द्विमितीय ड्रॉइंग बहुतेक वेळ एकाच कोअरवर चालतं, आणि तिथे आमच्या आय-थ्रीचा वेग 3.9 गिगाहर्ट्‌झ आहे. 7500 टर्बोवर गेला तरी 3.8. पैसे जाऊन ताईच्या चहाची वेळ तीच राहिली असती. खरी अडचण होती ती हार्ड डिस्क आणि रॅम. ऑटोकॅडला किमान 8 जीबी लागते, आम्ही 4 वर गाडा ओढत होतो.

एसएसडी घेतानाही तोच प्रश्न. दुकानात एम.2ची पातळ पट्टी पुढे करतात, पण आमच्या बोर्डावर तो स्लॉटच नाही. म्हणून 2.5 इंची साटा एसएसडी, 500 जीबीची. सेकंदाला साधारण 550 एमबी वाचते. एनव्हीएमई याच्या कितीतरी पुढे असते, पण हार्ड डिस्कवरून येणाऱ्याला साटासुद्धा पुष्कळ आहे. रॅम डीडीआर4 हवी होती. डीडीआर3ची खाच वेगळ्या जागी असल्याने ती बसतच नाही, निदान तिथे फसगत होत नाही. दुकानात 3200चीच पट्टी मिळाली. आमच्या बोर्डावर ती 2400ने चालते, बिघडत काही नाही. जुनी 4 तशीच ठेवून नवी 8 शेजारी लावली, एकूण 12.

इकडे हाउसमध्ये एकाकडे एएमडीच्या एएम4 सॉकेटचा बोर्ड आहे, तिथे उलटी गंमत. एकाच सॉकेटवर रायझनच्या बऱ्याच पिढ्या चालतात, पण जुना प्रोसेसर काढण्याआधी बायोस अपडेट करून घ्यावं लागतं. नाहीतर नवा बसवल्यावर पडदा काळाच. दुसऱ्याकडे मोठ्या कंपनीचा चपटा डेस्कटॉप आहे. त्याच्यासाठी माझा सल्ला एकच: ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी कॅबिनेटची उंची पट्टीने मोज आणि एसएमपीएसचा प्लग उघडून बघ. अशा डेस्कटॉपांत तो प्लग बऱ्याचदा कंपनीच्या स्वतःच्या घाटाचा असतो, बाजारातला लागत नाही.

आमचा खर्च साडेपाच हजारांच्या आत झाला. ऑटोकॅड उघडेपर्यंत आता चहाचं पाणीही तापत नाही. उरलेले पैसे बाबांनी पोस्टात ठेवले, कारण एक गोष्ट मी त्यांना आधीच सांगून ठेवली होती: सातव्या पिढीचा हा प्रोसेसर विंडोज 11च्या यादीत नाही आणि विंडोज 10चा आधार 14 ऑक्टोबर 2025ला संपणार होता. बोर्ड आणि प्रोसेसर कधीतरी बदलावा लागेलच. एसएसडी तेव्हाही कामी येईल. रॅमही येईल, पण नवा बोर्ड डीडीआर4चा घेतला तरच. बाबांनी हे कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं आहे, खाली काडतुसांच्या दोन्ही लांब्यांसकट.