देगलूरच्या माळावरून गेलेली रेषा

जॉर्ज एव्हरेस्टची पत्रे वाचायचा नाद मला फार जुना आहे. हिमालयातल्या शिखराला ज्याचे नाव आहे तोच हा माणूस. 1790 साली जन्मला, 1830 ते 1843 हिंदुस्थानचा सर्व्हेअर जनरल होता, अर्धे आयुष्य तापाने फणफणलेला आणि पत्रे लिहिण्यात मात्र अथक. कर्नल फिलिमोर यांनी सर्वेक्षण खात्याच्या इतिहासाचे जाडजूड खंड काढले, त्यांत त्याच्या आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या पत्रांचे उतारेच्या उतारे आहेत. दिवाळीत नांदेडच्या आतेभावाला मी त्यातले काही सांगत बसलो होतो. तो मध्येच म्हणाला, "दादा, त्या गोऱ्याचा अन् आपल्या मराठवाड्याचा काय संबंध?" मी नकाशा काढला, आणि निघायचे ठरले.

संबंध असा. विल्यम लॅम्टनने 10 एप्रिल 1802 रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी जमिनीवर साखळीने एक रेषा मोजायला घेतली. त्या रेषेच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीचे कोन घ्यायचे, त्रिकोण सोडवायचा, त्याच्या बाजूवर पुढचा त्रिकोण रचायचा, आणि असे करत उत्तरेला जायचे. कोन घेणारा थिओडोलाइट अर्धा टन वजनाचा. पृथ्वीचा नेमका आकार शोधणे हा या खटाटोपामागचा लॅम्टनचा ध्यास होता. 1815 साली ही त्रिकोणमाळ बिदरजवळच्या दामरगिद्द्याला पोचली. अक्षांश 18 अंश 3 मिनिटे, रेखांश साधारण 77 अंश 40 मिनिटे. तिथून नकाशावर सरळ उत्तरेला बोट न्या, देगलूर, बिलोली आणि भोकर त्या बोटाच्या आजूबाजूलाच येतात. एव्हरेस्टने 1830 साली आपले पहिले मोठे पुस्तक छापले, त्याच्या नावातच 18 अंश 3 मिनिटांपासून 24 अंश 7 मिनिटांपर्यंतचा चाप असे लिहिले आहे. नांदेड जिल्ह्याची पूर्व बाजू त्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच येते.

नांदेडला हजूर साहिबला माथा टेकला, लंगरात जेवलो आणि नरसी-नायगावमार्गे देगलूरची एसटी धरली. होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे पाहायलाच हवीत असे सगळे सांगत होते. पाहिली, पण माझे लक्ष जमिनीकडे होते. नांदेडपासून सोबतीला असलेली काळी माती देगलूरकडे येता येता विरळ होते आणि गुलाबी ग्रॅनाइटचे गोलसर धोंडे शेतांत दिसू लागतात. दख्खनच्या काळ्या पाषाणाची पूर्वेकडची कड इथे येऊन संपते. लॅम्टनच्या तुकडीत हेन्री वॉयसी नावाचा डॉक्टर होता. औषधपाणी पाहता पाहता तो दगडांच्या नोंदी ठेवी. काळा पाषाण वर आणि ग्रॅनाइट खाली, हे त्याने निजामाच्या मुलखात फिरून लिहून ठेवले. 1824 साली नागपूरकडून कलकत्त्याला जाताना तो वाटेतच वारला. त्याची खासगी रोजनिशी बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून यायला आणखी वीस वर्षे गेली. देगलूरच्या माळावर त्या दोन दगडांच्या सीमेवर उभे राहिल्यावर मला एव्हरेस्टपेक्षा वॉयसीच जास्त जवळचा वाटला.

एका टेकडीवर मी बराच वेळ खाली बघत फिरत होतो. सोयाबीनच्या राशीपाशी बसलेले एक काका वर आले. "काय शोधायलाव?" म्हणाले. दगडात कोरलेले वर्तुळ आणि मध्ये टिंब, मोजणीवाल्यांची जुनी खूण, असे मी सांगितले. त्यांनी शांतपणे विचार केला आणि म्हणाले, "इथं तर नाही बघितलं. पण मोजणीवाला आला की कोणाचं तरी वावर जातंय, एवढं ठावं हाय."

1819 मध्येही इथल्या माणसांना तसेच वाटले असेल. त्याच वर्षीच्या जानेवारीत हदगावच्या बाजूला नौसाजी नाईकाच्या हटकरांशी निजामाच्या फौजेने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली रक्तरंजित लढाई केली होती. दारूचा वास विरला नाही तोच टेकड्यांवर निशाणे घेतलेली माणसे दिसू लागल्यावर गावकऱ्यांनी काय समजावे? त्याच वर्षी एकोणतीस वर्षांचा एव्हरेस्ट कृष्णा-गोदावरीच्या मधल्या जंगलात होता. पावसाने हवा धुतली की लांबचे स्वच्छ दिसते, म्हणून काम पावसाळ्यात चाले, आणि ताप त्याच दिवसांत गाठे. निजामाच्या शिपायांनी पुढे जायचे नाकारले, तेव्हा त्याने त्यांना फटके मारवले. पुढे येल्लापुरमला जवळजवळ सगळी तुकडी तापाने आडवी झाली. हैदराबादहून हत्ती, पालख्या, गाड्या पाठवून त्यांना आणावे लागले, तोवर पंधरा माणसे दगावली होती. एव्हरेस्टला हवापालटासाठी केप ऑफ गुड होपला पाठवले. ती माणसे कुठली, त्यांच्या घरी कोणी कळवले, याबद्दल मी वाचलेल्या कागदांत काही नाही. याचा मला राग येतो, आणि तो लपवावा असे वाटत नाही.

उदगीरला मुक्काम केला. लॉजचे नाव देत नाही. पंख्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा, खिडकीला जाळी नाही, गरम पाणी पहाटे साडेचारलाच. किल्ल्यातल्या वाटाड्याला 1760 ची लढाई तोंडपाठ होती. सदाशिवरावभाऊंच्या पुढे तो सरकेचना आणि 1820 च्या आसपासचे विचारले की पुन्हा भाऊंवर येई. रात्रभर डासांनी झोपू दिले नाही, म्हणून जॉन कीय यांचे 'द ग्रेट आर्क' पुन्हा चाळले आणि त्यांच्याशी मनातल्या मनात भांडलो. कीय यांना लॅम्टन प्रिय आहे, एव्हरेस्ट मात्र त्यांच्या पुस्तकात तुसडा, भांडखोर साहेब म्हणून येतो. त्याला आधार आहेच. 1839 साली त्याने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष ड्यूक ऑफ ससेक्स यांना उद्देशून पत्रांची मालिकाच छापली. कारण काय, तर आपल्यामागून सर्व्हेअर जनरलच्या जागेवर यायला टपलेल्या मेजर जर्व्हिसची सोसायटीतल्या मंडळींनी शिफारस केली. जर्व्हिसने कोकणची मोजणी केली होती. एव्हरेस्टने त्याच्या कामाची अशी चिरफाड केली की वाचताना अंगावर येते.

पण हाच माणूस राधानाथ सिकदारच्या वडिलांना पत्र लिहितो. राधानाथ कलकत्त्याचा तरुण गणिती, 1831 मध्ये खात्यात लागला. एव्हरेस्ट तितूराम सिकदारांना कळवतो की तुम्ही देहरादूनला आला असता तर असा मुलगा घडवल्याबद्दल तुमचा मान मला समक्ष करता आला असता. एका साहेबाने हाताखालच्या माणसाच्या बापाला असे लिहिणे त्या काळात सोपे नव्हते. जर्व्हिसला लिहितानाचा राग आणि तितूरामना लिहितानाचा आदर एकाच जागेतून येतो असे माझे मत आहे. हिशेब चोख असेल त्याला मान, नसेल त्याला क्षमा नाही. नकाशांचे अभ्यासक मॅथ्यू एड्नी म्हणतात की ही सारी मोजणी म्हणजे साम्राज्याने स्वतःला पटवलेला एक भास. सत्तेपुरते ते खरे आहे. पण कोनातल्या एका सेकंदाच्या चुकीने वर्षानुवर्षे बेचैन राहणाऱ्या माणसाची पत्रे निव्वळ सत्तेच्या भाषेत वाचता येत नाहीत.

एव्हरेस्टची पुतणी मेरी, गणिती जॉर्ज बूलची पत्नी, हिने 1901 साली जगदीशचंद्र बोस यांना एक दीर्घ पत्र लिहिले. काकांनी भारतीय पंडितांकडून विचाराची पद्धत उचलली आणि ती युरोपच्या गणितापर्यंत पोचली, असे तिचे म्हणणे. आपल्याला ते गोड वाटते. काकांच्या स्वतःच्या लिखाणातून त्याला बळकटी मिळत नाही, म्हणून मी ते बाजूला ठेवतो.

उदगीरहून देवणी, औराद शहाजानी, निलंगा. खरोसा आणि औसा बघायचे बेत होते, पण किल्लारीला उतरलो आणि पुढचे सगळे बेत सुटले.

1822 च्या अखेरीस एव्हरेस्टला दामरगिद्द्यापासून पश्चिमेला, थेट मुंबईपर्यंत त्रिकोण नेण्याचे काम दिले होते. तो त्या कामात असतानाच 20 जानेवारी 1823 रोजी लॅम्टन हिंगणघाटला वारला आणि सगळा भार त्याच्यावर आला. किल्लारी जवळपास त्याच 18 अंश 3 मिनिटांवर आहे. म्हणजे ती माळ याच पट्ट्यातून पश्चिमेला जायची. या पद्धतीचा सगळा भरवसा एका गोष्टीवर: पायाखालची जमीन हलत नाही, आणि ओळंबा सरळ खाली जातो. ओळंब्याने त्यांना आधीच दगा दिला होता. उत्तरेत कलियाणा आणि कलियाणपूर यांच्यामधले अंतर त्रिकोणांवरून आणि ताऱ्यांवरून काढले, तर दोहोंत कोनाच्या 5.236 सेकंदांचा फरक निघाला. हिमालय ओळंबा ओढतो म्हणावे तर आर्चडीकन प्रॅटच्या गणिताने ओढ तिपटीने जास्त यायला हवी होती. 1855 मध्ये प्रॅटच्या लेखापाठोपाठ आलेल्या खगोलशास्त्रज्ञ एअरीच्या लेखातून पर्वतांच्या खाली मुळे असतात, कवच तरंगते, हा विचार पुढे आला.

आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी इथली जमीन हलली. अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून लोक झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती त्यांच्यावर आल्या. हजारो माणसे गेली. नंतर शास्त्रज्ञांनी इथे 617 मीटर खोल भोक पाडले. 338 मीटरवर काळा पाषाण संपला आणि थोड्या गाळाखाली जुना पायाचा खडक लागला. देगलूरला शेतात उघडा पडलेला ग्रॅनाइट ज्या पुरातन पायाचा, त्याच पायाचा हा खोल भाग. वॉयसीचे वर काळा, खाली जुना हे म्हणणे इथे यंत्राने तपासले गेले.

जुन्या गावाच्या जागी मी दुपारभर बसलो. एका आजींनी पाणी दिले, काही विचारले नाही. मला वही उघडावीशी वाटली नाही.

लातूरला गंजगोलाईत चहा घेऊन रात्रीची गाडी पकडली.

देगलूर, बिलोली, भोकर, निलंगा या भागातल्या वाचकांना एक विनंती. गावाच्या उंच टेकडीवर दगडात कोरलेले वर्तुळ आणि त्याच्या मधोमध टिंब दिसले, तर तो दगड घराच्या पायात घालू नका आणि मुरूम काढताना उखडू देऊ नका. जागेचा फोटो काढा, गावचे नाव आणि गट नंबर लिहा आणि तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाला कळवा. घरातल्या म्हाताऱ्यांपैकी कोणाचा आजा-पणजा मोजणीवाल्यांच्या तुकडीत निशाण किंवा दिवा धरायला गेला होता का, तेही विचारा. नाव मिळाले तर त्या दगडाच्या नोंदीबरोबर तेही लिहून ठेवा.